आसनापासून पाच इंच

तिसरी यादी आली तेव्हा बॅग भरून झाली होती. गुरुवारची रात्र, पावणेदहाची वेळ. आई ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या भाजीची भेंडी फडक्यानं पुसत होती. तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर विषय उमटला : ‘कपड्यांचे नियम : सुधारित’. रविवारी सकाळी लेकीला सोडायला जायचं होतं. हातातली भेंडी न ठेवताच आईनं मेल वाचली, पुन्हा वाचली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “अगं, बॅग उघड परत.”

“का?”

“उघड म्हटलं ना.”

बॅगेतल्या सहा शॉर्ट्सपैकी चार त्या एका परिच्छेदानं बाद केल्या होत्या.

ही आई म्हणजे प्रस्तुत लेखिकाच. पण त्या पंधरवड्यात ती जशी वागली ते ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की हात आपोआप साखर पेरतो. ‘ती’ म्हटलं की जरा लांबून बघता येतं, आणि हसूही येतं.

घर न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं. लेक पंधरा वर्षांची, नववी नुकतीच संपलेली. इथे जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा सुटते ती सप्टेंबरलाच भरते, आणि दोघंही नोकरी करणाऱ्या आईबापांना एवढ्या सुट्टीचं काय करायचं याचा घोर जानेवारीपासूनच लागतो. कुणाचं मूल कुठल्या ‘प्रोग्रॅम’ला लागलं, याची चौकशी ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानातल्या रांगेतही चालते. लेकीनं स्वतःच शोधून काढलेला हा कार्यक्रम पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात होता. दोन आठवडे राहायचं, सकाळी जीवशास्त्राची प्रयोगशाळा, दुपारी संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा, संध्याकाळी पोहणं किंवा रानातली भटकंती. एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला, फी भरली, आणि सोबतच्या माहितीपत्रकात कपड्यांविषयी एकच ओळ होती : आरामदायक आणि वयाला साजेसे कपडे आणावेत.

ही पहिली यादी. लेकीला ती फार आवडली. आईच्या मात्र ‘साजेसे’ या शब्दाशी पोटात गोळा आला.

त्याचं कारण साताऱ्यात होतं. आई तिथल्या मराठी शाळेत शिकली. पांढरा ब्लाउज, गडद निळा स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी, शनिवारी कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट. शुक्रवारी रात्री त्या बुटांवर ओला खडू फिरवायचा आणि सकाळी मैदानावर पाय आपटला की पांढरी भुकटी उडायची. जूनमध्ये शिंप्याकडे माप द्यायला जायचं तेव्हा आजी एकच वाक्य बोलायची, “वाढतं माप घ्या, आणि दुमड चांगली चार बोटं ठेवा.” मग पुढच्या जूनमध्ये दुमडीची टीप उसवायची, स्कर्ट बोटभर खाली सोडायचा, पुन्हा टीप. दुमडीच्या आतलं कापड उन्हातान्हाला लागलेलं नसायचं, त्यामुळे सोडलेल्या भागाचा एक कोराकरकरीत निळा पट्टा खाली दिसायचा. झाडाच्या खोडावरची वर्तुळं मोजावीत तसे पट्टे मोजून कळायचं, ही मुलगी कितवीपासून तोच स्कर्ट घालतेय.

प्रार्थनेनंतर एक बाई लाकडी पट्टी घेऊन मुलींच्या रांगेतून फिरायच्या. स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं हवा. पट्टी पोटरीला लागली की ती थंड लागायची हे आईला अजून आठवतं. तिला तो गणवेश अजिबात आवडायचा नाही. पण पाचवीपासून दहावीपर्यंत नियम काडीनंही हलला नाही, एवढं मात्र खरं. कशावर चिडायचं हे ठरलेलं होतं.

दुसरी यादी मेअखेर आली, दोन पानांची. शॉर्ट्स किंवा स्कर्ट घालून सरळ उभं राहून हात खाली सोडले तर बोटांच्या टोकांच्या खाली कापड आलं पाहिजे. खांद्याचे पट्टे निदान तीन बोटं रुंद. पोट दिसता कामा नये. लेगिंग्ज घातल्या तर वर मांड्या झाकणारा लांब शर्ट. पोहण्यासाठी वन-पीस. प्रयोगशाळेत पूर्ण पायांची सुती पॅन्ट, बंद बूट, केस बांधलेले. समारोपाला ‘वेस्टर्न बिझनेस कॅज्युअल’. हे सगळं ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असं वर ठळक लिहिलेलं. मुलग्यांना लागू पडतील अशा ओळी आईनं मोजल्या, तर प्रयोगशाळा सोडून दोन निघाल्या : पॅन्ट कमरेवर असावी, आणि जेवणाच्या सभागृहात बिनबाह्यांचा बनियन चालणार नाही.

मग मापं घेण्याचा कार्यक्रम. आजीच्या शिलाई मशीनच्या डब्यातला पिवळा टेप आईनं इथवर आणला होता, त्याचं पितळी टोक झिजून गेलंय. लेक पलंगापाशी सरळ उभी राहिली. हात खाली. पहिली शॉर्ट्स, बोटांची टोकं कापडाच्या खाली दीड इंच. नापास. दुसरी नापास. तिसऱ्या वेळी एकदम पास झाली, तेव्हा आईच्या लक्षात आलं की पोरीनं खांदे कानापर्यंत उचललेत.

“खांदे खाली.”

“आई, सगळ्या असंच करतात.”

वर्षभरात ही मुलगी जवळपास तीन इंच वाढली होती आणि त्यातला बराच भाग हातापायांत गेला होता. वयात येताना आधी हातपाय लांबतात, धड मागून येतं. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. म्हणजे बोटांच्या टोकांचा नियम नेमका त्याच वयाच्या मुलांना लावायचा ज्या वयात बोटांची टोकं भरवशाची नसतात. लेकीच्या बुटक्या मैत्रिणीला तीच शॉर्ट्स, त्याच मापाची, सहज पास होत होती. तीन बोटांचं तर विचारूच नका. कुणाची तीन बोटं? बाबांची धरली तर खांद्याला पट्टा न लावता चादरच लावावी लागेल. बोट, वीत, हात ही आपल्याकडची मापं मोडीत निघून इंच आणि सेंटिमीटर आले त्यालाही काही कारण असेल ना, असं आई म्हणाली, आणि घरात बऱ्याच दिवसांनी एकदम हशा पिकला.

हा नियम काही त्या एका कार्यक्रमानं शोधून काढलेला नाही. अमेरिकी शाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभरातल्या शाळांचे कपड्यांचे नियम तपासून अहवाल दिला. अंदाजे ९३ टक्के शाळा-जिल्ह्यांमध्ये असे नियम होते. एरवी मुली घालतात असे कपडे नव्वद टक्क्यांहून जास्त नियमावल्यांनी निषिद्ध ठरवले होते, मुलग्यांच्या कपड्यांबाबत तोच आकडा ६९ टक्के. आणि सुमारे ६० टक्के नियमावल्यांमध्ये मुलांचं अंग किंवा कपडा मोजावा लागेल असं काही ना काही होतं, म्हणजे मोठ्या माणसाचा हात मुलाला लागण्याची सोय. हे वाचताना आईला पोटरीला लागलेली ती पट्टी आठवली. साताऱ्यातल्या बाईंना आणि आयोवा किंवा ओहायोतल्या कुणा मॅडमना एकमेकींची गंधवार्ता नसताना दोघींच्या हातात तेच हत्यार कसं आलं असेल?

तर दुसऱ्या यादीप्रमाणे खरेदी झाली, बॅग भरली, आणि मग गुरुवारी रात्री ती तिसरी आली. बोटांचा नियम रद्द. ‘सर्वांना समान न्याय मिळावा’ म्हणून आता शॉर्ट्सची इनसीम निदान पाच इंच हवी. इनसीम म्हणजे आसनापासून खाली पायाच्या काठापर्यंतची आतली शिवण. शिवाय कपड्यांवर कोणतंही मोठं अक्षर किंवा चित्र नको. लेगिंग्ज मात्र खेळाच्या वेळी चालतील, ज्या गेल्या यादीनुसार आईनं नुकत्याच बॅगेतून काढून कपाटात टाकल्या होत्या.

तत्त्वतः हा नियम बरा होता, हे आईलाही कबूल करावं लागलं. इंच हा इंच असतो. पण तो यावा तीन दिवस उरले असताना? ती बराच वेळ तणतणली. बाबांनी शांतपणे विचारलं, “सही कुणी केली होती? फॉर्मवर लिहिलंय, नियम बदलण्याचा अधिकार राखून ठेवलाय म्हणून.” असल्या वेळी खरं बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

त्या रात्री साडेअकरापर्यंत टेप पलंगावर लोळत होता. एका जीन्सच्या शॉर्ट्सची इनसीम सव्वाचार इंच भरली. तिच्या पायाला खाली दुहेरी दुमड होती. आईनं दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान घेऊन ती टीप उसवली, धाग्यांचे तुकडे चादरीवर गोळा होत गेले, आणि दुमड उलगडली तशी आतून बोटभर गडद निळी पट्टी बाहेर आली, वरच्या विटक्या कापडाखाली कोरी. लेक म्हणाली, “ई, किती विचित्र दिसतंय.” आई काहीच बोलली नाही. ती काही क्षण साताऱ्यात जाऊन आली होती.

शुक्रवारी संध्याकाळी मॉल. मुलींच्या विभागात शॉर्ट्सचे ढीग लागले होते, उन्हाळी सवलतीत, आणि लेबलावर एकजात तीन इंच, साडेतीन इंच. पाच इंचांची एकच मिळाली ती फिकट गुलाबी, आणि लेकीच्या चेहऱ्यावरून कळलं की ती घरीच राहणार. शेवटी दोघी मुलग्यांच्या विभागात शिरल्या. तिथं सात इंच, नऊ इंच, हव्या त्या रंगात. लेकीनं खाकी रंगाची एक चढवून पाहिली, दोन्ही खिशांत हात घातले ते पार मनगटापर्यंत गेले. “आई, फोन मावतोय! अख्खा!” द पुडिंग या संकेतस्थळानं २०१८ मध्ये वीस लोकप्रिय ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले होते, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद भरले. लांबीचंही तेच : आधी दुकानदार मुलींना तीन इंचांचीच चड्डी विकतो, मग संस्था म्हणते पाच इंच आणा, आणि त्या दोघांच्या मधल्या दोन इंचांत आई मॉलभर फिरते. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, एवढाच काय तो दिलासा.

रांगेत उभं असताना आई वकिली सुरात पुटपुटत होती. १९६५ साली आयोवातल्या डे मॉइन शहरात मेरी बेथ टिंकर नावाची तेरा वर्षांची मुलगी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली, शाळेनं तिला निलंबित केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूनं निकाल लागला. ही गोष्ट इथल्या नागरिकशास्त्रात लेकीलाच शिकवतात. त्यामुळे लेकीनंच आईला थांबवलं : ते सरकारी शाळांसाठी, खासगी कार्यक्रमाला ते बंधन नाही, आणि काळी फीत म्हणजे मत होतं, “माझी शॉर्ट्स हे मत नाहीये, आई. ती शॉर्ट्स आहे.”

तरीही एक खटला आईच्या मनातून जात नव्हता. नॉर्थ कॅरोलायनातल्या लीलँड गावी सरकारी पैशावर चालणारी एक चार्टर शाळा मुलींना फक्त स्कर्ट किंवा तत्सम कपडेच घालू देत असे, पॅन्ट नाही. बालवाडीतल्या एका मुलीच्या आईनं कारण विचारलं. संस्थापकांचं उत्तर असं की, यातून स्त्रीदाक्षिण्य जपलं जातं. स्त्री हे जपून हाताळायचं नाजूक भांडं आहे. २०१६ मध्ये तीन मुलींच्या वतीनं दावा झाला, जून २०२२ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानं तो नियम घटनाबाह्य ठरवला, आणि वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. सहा-सात वर्षं. ज्या मुलीसाठी हे सुरू झालं ती तोवर बालवाडीतून पार पुढे गेली असणार. पाच वर्षांच्या पोरीला घसरगुंडीवर जाताना स्कर्ट सावरावा लागतो, एवढ्याशा गोष्टीला एवढं न्यायालय लागलं!

सगळेच नियम आईला जाचत होते असं नाही. प्रयोगशाळेची ओळ तिनं एकदाही वादात ओढली नाही. ती स्वतः औषध कंपनीत काम करते. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेत येताच पेट घेणारं रसायन हाताळताना आग लागली. तेवीस वर्षांच्या संशोधन-सहायिकेच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर कोट नव्हता, आणि अठरा दिवसांनी ती गेली. कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. तेव्हा सुती पॅन्ट म्हणजे सुती पॅन्ट. रानात जाताना फिक्या रंगाची लांब पॅन्ट आणि तिचे पाय मोज्यात खोचलेले, हाही नियम तिला पटला. या भागात हरणांच्या अंगावरची गोचीड चावून लाइम नावाचा आजार होतो, आणि फिक्या कापडावर ती खसखशीएवढी गोचीड निदान दिसते. कनेक्टिकटमधल्या लाइम गावी १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे का सुजतात याचा शोध सुरू झाला, त्यात पॉली मरे या एका आईनं चिकाटीनं ठेवलेल्या नोंदींचा मोठा वाटा होता. डॉक्टर तिचं ऐकून घेत नव्हते, तरी ती लिहीत राहिली. आईला ही बाई फार आवडते.

म्हणजे या दोन ओळींना कारण होतं आणि त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीत जशाच्या तशा राहिल्या. हलत होत्या त्या फक्त कारण नसलेल्या ओळी.

आता खणाच्या कुर्त्याबद्दल. समारोपाच्या सभेसाठी लेकीनं मे महिन्यातच ठरवलं होतं की आजीनं पाठवलेला कुर्ता घालायचा. गुळेदगुड्डचा खण, गर्द जांभळा, काठाला लालसर पट्टा. काळ्या पॅन्टवर तो ऐटदार दिसत होता. ‘वेस्टर्न’ या शब्दापाशी आई अडखळली आणि तिनं मेल करून विचारलं. उत्तर अगदी गोड होतं : आम्ही सर्व संस्कृतींचं स्वागत करतो, बहुधा हरकत नसावी, मात्र अंतिम निर्णय त्या दिवशीच्या निवासी कर्मचाऱ्यांचा. आईनं ‘बहुधा’ला उत्तर लिहायला घेतलं. लेकीनं मात्र कुर्ता हँगरला लावून कपाटात ठेवून दिला आणि दुकानातला पांढरा शर्ट बॅगेत टाकला.

“अगं, हो म्हणालेत ना ते.”

“बहुधा म्हणालेत. मला त्या दिवशी दारात उभं राहून कुणाला समजावत बसायचं नाहीये.”

शॉर्ट्सच्या सगळ्या भानगडीत आईला रडू आलं नव्हतं. ते इथं आलं, धुण्याच्या खोलीत.

रविवारी लेकीला सोडलं. बुधवारी फोन आला. फोन रोज संध्याकाळी तासभरच मिळायचे, त्यामुळे ती घाईनं बोलत होती. उन्हाची लाट होती, पारा पंचाण्णव फॅरनहाइटच्या वर, वसतिगृहात वातानुकूलन नाही. सोमवारी सांगितलं की उकाड्यामुळे नियम शिथिल, कुठलीही शॉर्ट्स चालेल. मंगळवारी तसंच. बुधवारी जेवणाच्या रांगेत एका समुपदेशक, म्हणजे देखरेखीवरच्या, मुलीनं हिला आणि आणखी दोघींना बाजूला घेतलं आणि कपडे बदलून यायला सांगितलं. सगळ्यांसमोर. हिनं घातली होती ती कोणती शॉर्ट्स? तर दुमड उसवलेली, पाच इंचांची. समुपदेशकाला ती खालची गडद पट्टी म्हणजे फाटकी, धागे निघालेली कड वाटली, आणि ‘फाटके कपडे नकोत’ हे चौथ्या, भिंतीवर चिकटवलेल्या यादीत होतं, जी पालकांपर्यंत आलीच नव्हती.

आईनं दुसऱ्या दिवशी कार्यालयाला फोन केला. पलीकडचा आवाज इतका नम्र होता की त्याच्यावर ओरडायला जागाच सापडेना. तुमची भावना आमच्यापर्यंत पोचली, असं तो आवाज तीनदा म्हणाला. आईनं विचारलं, नियम नक्की कोण ठरवतं? गेल्या वर्षी काही पालकांची तक्रार होती, असं उत्तर. कसली? काहींना नियम फार सैल वाटले, काहींना फार कडक. म्हणजे एका पालकाच्या मेलनं इंच वाढत होते आणि दुसऱ्याच्या मेलनं कमी होत होते, आणि आज आईनं त्यात आपलीही भर घातली होती. या विचारानं ती जरा वरमली, पण फोन ठेवल्यावर.

दुरून मापं ठरवण्याचा हा उद्योग आपल्याकडेही ताजा आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ च्या शालेय वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ आला, कापड आणि शिलाईचं काम राज्य पातळीवरून झालं. शाळा सुरू होऊन गेली तरी अनेक मुलांना गणवेश मिळालेला नव्हता आणि मापं चुकल्याच्या बातम्या येत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचं ठरलं. समिती गावातली, मूल डोळ्यांसमोर. शिंप्याला ‘वाढतं माप घ्या’ असं सांगायला निदान कुणीतरी जवळ असावं लागतं.

उलट दिशेनं गेलेलीही उदाहरणं इथं अमेरिकेत आहेत. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या शाळांनी २०१६ मध्ये आणि शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनच्या हायस्कूलनं २०१७ मध्ये आपले नियम मोडीत काढून नव्यानं लिहिले. अंगाचे अमुक भाग झाकलेले असावेत, द्वेष किंवा हिंसेचा मजकूर नसावा, बाकी मुलं आणि त्यांचे पालक बघून घेतील, असा त्यांचा ढोबळ सूर. बोटं नाहीत, पट्टी नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी आईबाबा लेकीला आणायला गेले तेव्हा गाडीत बाकीची हकिकत कळली. जिनं तिला बाजूला घेतलं ती समुपदेशक एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, तिची स्वतःची शॉर्ट्स तीन इंचांची. कर्मचाऱ्यांना वेगळे नियम. ती बिचारी बोलताना लाल झाली होती आणि नंतर तिनं खोलीवर येऊन माफी मागितली. मुलींनी तोवर स्वतःची व्यवस्था लावून टाकली होती. मजल्यावर कुणाकडे तरी एक लांब, काळी, ढगळ शॉर्ट्स होती, ती कुठल्याही समुपदेशकाच्या नजरेत पास व्हायची. ती चार खोल्यांतून फिरत राहिली. जिच्यावर आक्षेप येईल तिनं ती चढवायची आणि जेवून झाल्यावर पुढच्या मुलीला द्यायची. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणत्या दिवशी कोण पहाऱ्यावर आणि ती कडक की मऊ, हे वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं.

आईला हे ऐकून आधी हसू आलं आणि मग ती पुन्हा सुरू झाली. नियम असावा तर एक असावा, आज एक, उद्या एक, हा काय न्याय, वगैरे. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, “पण आई, तू पण बदलतेसच की.”

“मी?”

“मॉलमध्ये जाताना काही म्हणत नाहीस. ब्रिजवॉटरच्या देवळात जाताना पूर्ण पँट. मंडळाच्या गणपतीला ओढणी घे म्हणतेस, आणि आजी व्हिडिओवर आली की वरून जॅकेट घाल. एसी चालू असला तरी. आणि बाबांचे मित्र आले की वेगळंच.”

बाबा रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. आईनं उत्तर शोधलं. देवळाचं वेगळं असतं, आजीचं वेगळं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि ते खरंही आहे. पण त्यातली एकही गोष्ट तिनं एप्रिलमध्ये लेखी दिली नव्हती. कारण विचारलं असतं तर तीही ‘बघू, त्या-त्या वेळी’ म्हणाली असती. बाकी वाटेत कुणी फारसं बोललं नाही. एका थांब्यावर लेकीनं आइसक्रीम घेतलं आणि आईलाही चमचा दिला.

आठवड्यानं संस्थेकडून अभिप्रायाचा फॉर्म आला. सामानाच्या सूचना किती स्पष्ट होत्या, एक ते पाच? आईनं दोनवर टिचकी मारली. खाली पाचशे अक्षरांचा चौकोन होता. तिनं तिथं जवळपास दोन हजार अक्षरं लिहिली. टिंकर, नाजूक भांडं, जीएओ, सगळं. चौकोनानं ती घेतली नाहीत. मग तिनं पुसून तीनच वाक्यं ठेवली : माप इंचात सांगा. फी भरायच्या आधी सांगा. मुलग्यांनाही सांगा. लेकीनं खांद्यावरून वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं : आणि रांगेतून बाजूला काढून सांगू नका.

फॉर्म गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

त्या रविवारी कपडे धुताना आईच्या हाताला काहीतरी टोचलं. ती जीन्सची शॉर्ट्स होती. उसवलेली दुमड लेकीनं परत वर घेतली होती आणि आतून चार सेफ्टी पिना लावल्या होत्या, एक वाकडी झालेली. गडद पट्टा पुन्हा आत गेला होता, तरी एका बाजूनं जरासा डोकावत होता. आईनं पिना एकेक काढून वाटीत ठेवल्या, सुईत निळा दोरा ओवला आणि वर हाक मारली.

“किती वर घेऊ गं?”